पाळण्याची कडी

जूनमधली गोष्ट. लेकीचा सातवा महिना सरत आला होता. रात्री साडेदहाला तिचा फोन. "आई, जागी आहेस ना? एक सांग, आमच्या पलंगाची उंची किती असेल गं?"

मी गिरगावच्या मुगभाटात जन्मले आणि लालबागला नांदले. लग्न होईपर्यंत जमिनीवर अंथरूण घालून झोपले. सासरी खाट होती, ती सासऱ्यांची. आम्ही दोघं खालीच. पलंगाला उंची असते आणि ती मोजून घरात दुसरी वस्तू आणायची असते, हे माझ्या हिशेबात कधी आलंच नव्हतं. "कशाला हवीय उंची?" म्हटलं, तर म्हणाली, "बेडसाइड क्रिब घ्यायचीय. पलंगाला लागून उभी राहते. बाळ माझ्या शेजारी, पण माझ्या अंथरुणात नाही."

मग तिने आठ-दहा क्रिबांचे फोटो पाठवले. सगळ्या करड्या. एकीला चाकं, एकीची एक बाजू चेन उघडली की खाली पडणारी, एकीच्या पोटात कपड्यांचा कप्पा. बाजूंना जाळी. किमती आठ हजारांपासून सोळा हजारांपर्यंत. चष्मा लावून सगळ्या बघितल्या आणि शेवटी न राहवून विचारलं, "पण ही हलते कुठनं?"

"हलायची नाहीच आहे, आई."

न हलणारा पाळणा! आमच्या भाषेत घरी मूल झालं तर 'पाळणा हलला' म्हणतात, मूल लांबणीवर टाकलं तर 'पाळणा लांबवला'. सरकारनेही कुटुंबनियोजनाच्या पाट्यांवर हीच भाषा वापरली. आता या पोरीचं मूल होणार आणि पाळणा जागचा हलणार नाही.

गिरगावातली आमची खोली १० बाय १२ची. तिच्यात नऊ माणसं. वर सागवानी तुळया, तुळयांवर फळ्या, आणि मधल्या तुळईला तीन लोखंडी कड्या. एकीत दिव्याची वायर अडकवलेली, एकीत कपड्यांच्या दांडीची दोरी, आणि तिसरी पाळण्याची. ती तिसरी आतल्या बाजूने इतकी झिजलेली की बोट फिरवलं तर गुळगुळीत लागे. घरात तान्हं मूल नसेल तेव्हा ती रिकामी राही. तिला दुसरं काही टांगायचं नाही, असा आईचा दंडक होता. का, ते तिने कधी सांगितलं नाही.

पाळणा वर टांगायचा तो काही शोभेसाठी नव्हे. खाली जागाच नव्हती. रात्री अंथरुणं पडली की पाय ठेवायला फट शोधावी लागे, मोठी मुलं आणि पुरुषमाणसं गॅलरीत जात. शिवाय उंदीर, ढेकूण, पावसाळ्यात फरशीला सुटणारी ओल. घरातला एकच कोपरा मोकळा होता, तो डोक्यावरचा. तिथे बाळ. खालून माणसं ये-जा करत, पाळण्याखाली वाकून मी अभ्यास केलेला आहे, आणि धाकट्याची लंगोटी गळून वहीवरची शाई पसरली म्हणून रडलेही आहे.

पाळणा आमचा नव्हता. म्हणजे एका अर्थी होता, कारण तो अख्ख्या चाळीचा होता. कातीव गजांचा, लाल-हिरव्या-पिवळ्या लाखेच्या रंगाचा, चार कोपऱ्यांना चार साखळ्या आणि त्या वर एका आकड्यात जमलेल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी आजोळाहून सावंतवाडीकडून आला, बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरला, असं सांगत. त्या घरचं मूल चालायला लागलं तसा तो शेजारी गेला, तिथून खाली, तिथून मागच्या अंगाला. कुणाकडे दिवस राहिले की ओटी भरायच्या आधी बायकांत हिशेब होई: पाळणा आत्ता कुणाकडे आहे, तिथलं पोर कधी पाय टाकेल. दोघींचे दिवस एकदम आले तर एकीला लुगड्याची झोळी. त्यावरून रुसवेही होत. चाळ म्हणजे सगळं गोडगुलाबी होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी पाळण्यावरून तीन महिने न बोललेल्या दोन जावा बघायला हव्या होत्या.

त्या पाळण्याच्या तळाच्या फळीला खालून एक यादी होती. आमच्याकडे एक काका पोस्टात होते. त्यांना नोंद केल्याशिवाय चैन पडत नसे. पाळणा ज्या खोलीत जाई तिचा नंबर आणि साल ते पेन्सिलीने फळीखाली लिहीत. खो. १४, १९५१. खो. ३, १९५२. पुढे काका गेले, पण लिहायची रीत राहिली. मी खो. ९, १९६१. मूल म्हणून पाळण्यात पडून ते दिसायचं नाही. पण मोठेपणी खाली फरशीवर उताणं झोपलं की धाकट्या भावाच्या पाळण्याखाली आपलं साल वाचता येई.

आणि दोरी. पाळण्याच्या गजाला बांधलेली, दीड-दोन पुरुष लांब, जुन्या साडीचे पट्टे पिळून केलेली. आई चुलीपुढे, पुढे स्टोपुढे, बसे तेव्हा दोरीचं टोक तिच्या पायाच्या अंगठ्याला. हाताने पोळी लाटायची, पायाने पाळणा. दोन्हींचा ताल एकच असायचा, म्हणून पोळ्या गोल व्हायच्या असं ती म्हणे. नळाला पाणी यायची वेळ झाली की दोरी खिडकीच्या गजातून बाहेर गॅलरीत. तिथे शेजारचे आजोबा आरामखुर्चीत 'नवाकाळ' उघडून बसलेले. ते वाचता वाचता ओढत. अग्रलेख वाचताना जोरात, छोट्या जाहिराती वाचताना हळू. शाळेतून येणारा मुलगा जाता जाता एक झोका देई. मोलकरीण पिशवी खाली न ठेवता दोन देई. आई मोरीत धुणं धूत असली तरी नुसत्या कुरकुरीवरून तिला कळे. "मामींच्या हातात गेली वाटतं दोरी. आता उठवतात पोराला."

यातलं खोटं काही नाही, पण अर्धं सांगितलं तर ते खोटंच. १९६७च्या पावसाळ्यात माझा सहा महिन्यांचा भाऊ त्याच पाळण्यासकट खाली आला. कडी तुटली नाही. तुळईच्या त्या जागेला आतून वाळवी लागली होती, कडी खिळ्यासारखी सुटून आली. दुपारची वेळ, खाली वाळत घालायच्या गोधड्यांचा ढीग होता म्हणून निभावलं. भाऊ रडलासुद्धा उशिरा. आई मात्र दाराच्या उंबऱ्यावर बसली ती बराच वेळ उठली नाही. दुसऱ्या दिवशी सुतार आला, दीड हात सरकून नवी कडी ठोकून गेला, आणि पाळणा पुन्हा चढला. पर्याय काय होता?

लेक १९९०ची. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तीही त्याच पाळण्यात, खो. ९चं आणखी एक साल चढलं. बारसं मला लख्ख आठवतं. पाळण्याच्या दोन्ही बाजूंना बायका, आधी वरवंट्याला टोपडं घालून तो पाळण्यावरून-खालून फिरवला, मग पोरीला. नणंदेने कानात कुर्र केलं, नाव सांगितलं आणि बायकांनी तिच्या पाठीत असे धपाटे घातले की ती अजून सांगते. घुगऱ्यांचं पातेलं खालच्या मजल्यावरून उसनं आणलेलं.

तीन महिन्यांनी लालबागला आले. भारतमाता सिनेमापासून चार मिनिटांवर खोली. इथे पाळणा नाही, झोळी. सासूबाईंचं नऊवारी, माळ्याच्या वाशाला दोर, तोंड उघडं राहावं म्हणून वर आडवी काठी. झोळीत पोर टाकलं की ते दिसतच नाही, नुसता एक गोळा लोंबतो. सासूबाई त्याला टिचकी मारल्यासारखा झोका देत आणि भाजी निवडत.

त्यांचं बोलणं मोजकं, पण पाळण्याचा विषय निघाला की सुटत. त्या गिरणीत वाइंडिंग खात्याला होत्या. १९४८च्या फॅक्टरी कायद्याने पन्नासांहून जास्त बायका कामाला असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली ठेवणं मालकांना भाग पाडलं होतं. १९७६ला तो आकडा तिसांवर आला. त्या खोलीला गिरणीत पाळणाघर म्हणत. ओळीने झोळ्या, एक आया, आणि अंगावर पाजायला मधे सुट्टी मिळे. "पदराला कापसाचे तंतू चिकटलेले, तशीच जायचो. पोर आधी शिंकायचं, मग प्यायचं."

पण त्यांच्या आईच्या वेळी ते नव्हतं. ती कामावर जाताना पोराला बाळागोळी चाटवून जायची. बाळागोळीत अफू. पोर दिवसभर निपचित. त्या काळी हे गिरणगावात इतकं सर्रास होतं की सरकारी चौकश्यांत त्याची नोंद झाली. सासूबाईंच्या वरची दोन भावंडं तान्हेपणीच गेली, कशाने ते कुणाला माहीत नाही, कुणी शोधलंही नाही. १९२१ साली मुंबईतला बालमृत्युदर हजारी सहाशेच्या वर नोंदला गेला होता. आकडा थोडा फुगलेला असणार, कारण बायका बाळंतपणाला कोकणात नाहीतर घाटावर जात. जन्म तिकडे लागे आणि मूल दगावे ते इथे. तरी एका खोलीच्या बिऱ्हाडात तान्ह्याचा भरवसा किती धरायचा, ते त्यावरून कळतं. खुद्द डॉ. आंबेडकर परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत राहत होते. पाचांपैकी चार अपत्यं त्यांनी गमावली. १९२८ला मुंबई कायदे मंडळात प्रसूती रजेचं बिल आलं तेव्हा ते त्याच्या बाजूने बोलले, आणि पुढल्या वर्षी मुंबई प्रांतात तसा कायदा झाला, देशातला पहिला. परळलाच १९२६ला नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह आणि केईएम उभं राहिलं, १९२९ला मुलांचं वाडिया. सासूबाईंची सगळी बाळंतपणं तिथली. "वाडियात लोखंडी पाळणा असायचा खाटेच्या पायथ्याशी," त्या सांगत. "तेवढे दिवस झोका नाही. घरी आलं की पोर झोका मागायचं."

म्हणजे न हलणारा पाळणा आमच्या घराने आधीच बघितला होता. मीच विसरले होते.

तर क्रिब. लेक परळला राहते, सत्ताविसाव्या मजल्यावर. तिच्या खिडकीतून खाली आमच्या लालबागचा उड्डाणपूल दोरीसारखा दिसतो. पूर्वी बाळंतीण माहेरी जायची, हल्ली माहेर पिशवी घेऊन बाळंतिणीकडे जातं. मी जुलैत गेले.

आधी मी माझा हट्ट करून बघितला. तो चाळीचा पाळणा आमच्याकडेच आहे. गिरगावातली चाळ पुनर्बांधणीला खाली झाली तेव्हा बिऱ्हाडं डोंबिवली, विरार, बदलापूर अशी पांगली. पाळणा शेवटचा ज्यांच्याकडे होता ते म्हणाले, वन बीएचकेत हा कुठे ठेवू? म्हणून तो माझ्या लालबागच्या माळ्यावर आला. मी जावयांना म्हटलं, एक कडी ठोकून घेऊ. ते बिचारे कधी नाही म्हणत नाहीत. सुताराला बोलावलं. तो वर बघून हसला. वर पीओपीचं खोटं छत, ते पंख्याची पातीसुद्धा पेलायचं नाही. त्याच्या वर स्लॅब, आणि बिल्डरने दिलेल्या पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापलेलं: स्लॅबच्या पोटात ताणलेल्या तारा आहेत, भोक पाडायचं नाही. वाळवीने खाल्लेल्या तुळईत दीड हात सरकून दुसरी कडी ठोकता आली होती. इथे काँक्रीट आहे, पण एक खिळा नाही.

मग लेक मला डॉक्टरांकडे घेऊन गेली, म्हणजे मला त्यांच्या तोंडून ऐकवायला. तान्ह्याला उताणं झोपवायचं, सपाट आणि कडक गादीवर. उशी नको, लोड नको, मऊ दुलई नको, बाजूला टेकायला भावली-अस्वलं नकोत. निदान पहिले सहा महिने आईबापाच्या खोलीत, पण त्यांच्या अंथरुणात नाही. अमेरिकेत बाळांना पालथं झोपवायची पद्धत होती. १९९२ला तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ती सोडायला सांगितलं, १९९४पासून त्याची मोठी मोहीम झाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या काही वर्षांत निम्म्याच्या आसपास आली. मी म्हटलं, आमच्याकडे पालथं कोण झोपवतं? पाळण्यात उताणंच घालतात. डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे आजी, ते तुमचं चांगलंच होतं. पण झोळीत पाठीची कमान होते. हनुवटी छातीला टेकते. तान्ह्याला मान उचलता येत नाही, श्वासाची वाट दबते. लक्ष असेल तोवर ठीक. रात्री कुणाचं लक्ष असतं?"

रात्रीही असायचं, चाळीत कुणी ना कुणी जागंच असायचं, असं ओठावर आलं होतं. पण सासूबाईंच्या आईची दोन पोरं आठवली आणि मी गप्प बसले.

मोहरीची उशीसुद्धा बाद झाली. अर्धा किलो मोहरी, धुऊन वाळवून, मलमलीच्या खोळीत भरून मी डोकं गोल व्हायला उशी शिवून ठेवली होती. ती मोहरी आता लोणच्याला गेली.

क्रिब ठरवायला लेकीने आणि जावयांनी दोन आठवडे घेतले. मी चेष्टा करत होते, पण टेप घेऊन बसल्यावर मलाही त्यात गोडी वाटायला लागली. खोली १० बाय ११, म्हणजे जवळजवळ गिरगावच्या आमच्या अख्ख्या बिऱ्हाडाएवढीच. त्यात ६ बाय सव्वासहाचा पलंग. लेकीच्या बाजूला भिंतीपर्यंत २६ इंच. क्रिब रुंदीला २२. उरले चार. म्हणजे कपाटाचं दार उघडणार नाही. पलंग दुसऱ्या भिंतीला सरकवला, तर जावयांना उतरायला पायथ्याकडून. "चालेल मला," ते म्हणाले. तेव्हापासून ते पायथ्याकडून वाकून रांगत उतरतात.

पुढचा घोळ उंचीचा. या क्रिबचं सगळं शहाणपण एका गोष्टीत आहे: तिची गादी आणि पलंगाची गादी एका पातळीत हवी आणि मधे बोटभरही फट नको. फट राहिली तर मूल सरकून त्यात अडकेल, आणि मग ती क्रिब नसलेली बरी. क्रिब खालीवर करायला पाच-सहा टप्पे असतात. पण जावयांच्या कंबरेसाठी घेतलेली गादी आठ इंच जाड. क्रिब सगळ्यात वरच्या टप्प्यावर चढवली तरी दोन इंच खालीच. पायांखाली लाकडी ठोकळे घालू म्हटलं तर लेक ओरडली, आणि ते बरोबरच होतं. मला १९६७ची दुपार आठवली. मग मीच म्हटलं, पलंग खाली आणा. म्हणजे गादी बदला. परळच्या गल्लीतल्या गादीवाल्याकडून चार इंची कापसाची गादी भरून आणली, टाके घट्ट, मधे टिच्चून. जावई म्हणाले, कॉलेजनंतर पहिल्यांदाच कापसावर झोपतोय. कंबर काही बिघडली नाही.

शेवटचा अडसर पट्ट्यांचा. क्रिब पलंगाला बांधायला दोन पट्टे येतात, ते पलंगाच्या चौकटीला गुंडाळून आवळायचे. चित्रातल्या पलंगाला पाय असतात, खाली मोकळं असतं. आपल्याकडे मुंबईत पलंगाखाली मोकळं कोण ठेवतं? बॉक्स बेड. पोटात गोधड्या, सुटकेसा, दिवाळीचे कंदील. पट्टा गुंडाळायला चौकटच नाही. कंपनीला फोन केला, तिकडच्या मुलीने पुस्तिकेतलं वाक्य तीनदा वाचून दाखवलं. जावयांनी कपाळाला हात लावला. मी गादी उचलून बघत होते. बॉक्सच्या प्लायच्या झाकणाला, ते उचलता यावं म्हणून, बोट घालायला एक गोल भोक असतं. सगळ्याच बॉक्स बेडना असतं. पट्टा त्या भोकातून आत घातला, खालून आडवा अडकवला, ओढून बघितला. घट्ट. दुसऱ्या झाकणाच्या भोकातून दुसरा. जावयांनी क्रिबला धरून सगळ्या अंगाने हिसकलं, पलंग हलला पण क्रिब सुटली नाही.

"सापडली बघा कडी," मी म्हटलं. त्यांना अर्थ कळला नाही, पण हसले.

ऑगस्टमध्ये नातू झाला. सिझेरियन. घरी आल्यावर पहिली रात्र मी त्यांच्याच खोलीत, दाराशी खाली अंथरूण घालून. रात्री दोनला तो कुरकुरला. मी सवयीने उठायला गेले, आणि खरं सांगते, माझा हात दोरी शोधायला वर गेला. तोवर लेकीने पडल्या पडल्या कुशीवर वळून हात लांब केला, त्याला पाठीखालून उचललं, जवळ घेतलं, पाजलं, ढेकर काढून परत सरकवलं. पाय जमिनीला लागला नाही. मी १९९०ला टाक्यांसकट रात्रीतून सहा-सहादा उठत होते, टाचा उंचावून पाळण्यात हात घालत होते, आणि तीन महिने कंबर धरून होते. तेव्हा आम्हाला कुणी असं काही दाखवलं असतं तर त्या दोन जावांचं भांडणसुद्धा झालं नसतं. रात्रीपुरता माझा निकाल क्रिबच्या बाजूने.

दिवसाचं वेगळं. जावयांची रजा दोन आठवड्यांत संपली. सकाळी दहाला दार लागलं की आत आम्ही तिघं. पोर रडायला लागलं की लेक नाहीतर मी. मजल्यावर चार घरं, इमारतीच्या ग्रुपवर त्रेचाळीस जणांनी अभिनंदन लिहिलं, फुलं आणि टाळ्या. कुणाला रडणं ऐकूच गेलं नसणार. भिंती चांगल्या आहेत. मी त्याला मांडीवर घेऊन पाय हलवत बसायची, पायाला सवय होती. चौथ्या आठवड्यात समोरच्या घरातल्या गुजराती बेन बेल वाजवून आल्या, म्हणाल्या, आमच्याकडे घोडियुं असतं, तुमचं काय म्हणतात? मी म्हटलं, पाळणा. "दाखवा ना." दाखवायला घरी कुठे होता?

म्हणून बारशाला तो आणलाच. डॉक्टरांची सुट्टी, लेकीचे टाके, पाहुण्यांच्या रजा, असं करत बारसं बाराव्या दिवसाऐवजी चाळिसाव्या दिवशी पडलं. लालबागहून टेम्पोत घालून पाळणा आला, मालाच्या लिफ्टमधून वर चढला. डेकोरेटरकडून लोखंडी स्टँड भाड्याने घेतला, त्याच्या आकड्याला साखळ्या अडकवल्या. वरवंटा मात्र लेकीकडे नव्हता, मिक्सर आहे. मी पिशवीतून नेलेला. कुर्र करायला जावयांची बहीण पुण्याहून आली, तिलाही धपाटे बसले. बेननी जोरात घातला. पोराला तासभर पाळण्यात ठेवलं. दोरी मी बांधली होती, माझ्याच जुन्या साडीची. ती हातोहात फिरली, बेनकडून त्यांच्या सुनेकडे, सुनेकडून लिफ्टमनच्या बायकोकडे. डॉक्टरांचं ऐकायचं म्हणून सगळ्यांचं लक्ष त्याच्या हनुवटीवर. तो आपला टक्क जागा, वर टांगलेल्या चिमणाळ्यातल्या चिमण्यांकडे बघत.

संध्याकाळी पाळणा उतरवताना जावयांनी फळीखाली टॉर्च मारला आणि ओरडले. त्यांनी ती यादी कधी बघितलीच नव्हती. एकोणतीस नोंदी आम्ही मोजल्या. दोन पुसट आहेत, त्यातली एक बहुतेक खो. ११. लेकीने शिसपेन्सिल शोधली, घरात मिळेना, वॉचमनच्या रजिस्टरची आणली. तिने लिहिलं: परळ, मजला २७, २०२५.

मी यादीचा फोटो चाळीच्या जुन्या ग्रुपवर टाकला. रात्री बारापर्यंत फोन वाजत होता. अमेरिकेतल्या एकाने आपलं साल शोधून काढलं. डोंबिवलीहून खो. १४च्या नातीचा निरोप आला: तिला सहावा लागलाय, पाळणा मिळेल का. पाळणा मिळेल, मी कळवलं, पण स्टँड तुला बघावा लागेल, आणि बारशापुरताच वापर. रात्रीसाठी क्रिब घे.

यावर तिने विचारलं, तुमची रिकामी कधी होतेय? मूल हातावर जोर देऊन उठू लागलं, बसू लागलं, की ही क्रिब बंद करायची असते. नातवाची लक्षणं बघता जानेवारीअखेर. बाराशे दिवस वापरायची वस्तू नव्हे, सहा महिन्यांची. तिचा नंबर पहिला लागलाय, रिकामी झाली की तिला जाईल. त्यानंतर कुणाला हवी असेल तर सांगून ठेवा. पैसे नकोत. मात्र आधी आपल्या पलंगाची उंची गादीसकट मोजा, बॉक्स बेड असेल तर झाकणाला भोक आहे का ते बघा, आणि येताना पेन्सिल आणा. क्रिबच्या तळाशी पुठ्ठ्याची फळी आहे, तिच्यावर पहिली नोंद झालेली आहे.